बोटभर समुद्र

वाल्पराइसोत सपाट जमीन फार थोडी.
प्रत्येक जण कुणाच्या तरी छपरावर राहतो
आणि कुणाच्या तरी पायाखाली.
दोराने टेकडी चढणाऱ्या गाडीची मी तिकिटं देतो.
समोर दिवसभर दोन रूळ
एकमेकांकडे झुकत वर जातात
आणि वरच्या ठाण्यापाशी भेटल्यासारखं करतात.
भेटत नाहीत.
एका रविवारी फूटपट्टी घेऊन गेलो होतो:
खाली जेवढं अंतर, तेवढंच वर.

मंगळवारी संध्याकाळी, बेकरीच्या माडीवर,
एलेउतेरिओ मास्तर यथार्थदर्शन शिकवतात.
तीस वर्षं गोदीत जहाजांचे नकाशे काढलेला माणूस;
खडूसुद्धा पट्टीसारखा धरतो.

आधी एकबिंदू. बोगदा, गल्ली,
चर्चमधल्या बाकांच्या रांगा.
सगळं एका टिंबात जाऊन संपतं,
त्याला लोपबिंदू म्हणायचं.
"लोपत काही नाही," मास्तर म्हणाले,
"तुमची नजर तिथे दमते."

मग द्विबिंदू.
माझ्या कोपऱ्यावरच्या घराचा डावा बिंदू
कागदाबाहेर गेला, टेबलाबाहेर गेला.
मास्तरांनी शेजारच्या ओर्तेन्सियाच्या टेबलावर खिळा ठोकला,
दोरा ताणला
आणि तिच्या नासपतींवरून माझ्या भिंती आखल्या.
"माझ्या फळांवर हे कुणाचं घर चाललंय?" ती म्हणाली.

त्रिबिंदूला फार वेळ लागला नाही.
जिन्याच्या तळाशी उभं राहिलं की घर आभाळात निमुळतं होतं,
हे इथल्या माणसाची मान जन्मतःच शिकते.

मी अडलो तो क्षितिजरेषेपाशी.
ती बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. नेहमी.
बसलात तर बसते, उठलात तर उठते.
टेकडी चढा, समुद्रही चढतो.
मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.
दुसऱ्या दिवशी घरी जाताना
दर दहाव्या पायरीला वळून पाहिलं.
येत होता.
पाळलेल्या कुत्र्यासारखा, एकशे अठरा पायऱ्या, बरोब्बर डोळ्याला डोळा लावून.

गृहपाठ होता: दुसऱ्याच्या डोळ्यांनी एक खोली काढा.

घरी वडील. जानेवारीपासून अंथरुणावर.
चाळीस वर्षं बंदराच्या बोटीवर काढली,
आता विचारलं तर फक्त पापण्या हलवतात.
मी गुडघे मोडून त्यांच्या उशीला गाल लावला.
टेबल छपरासारखं वर गेलं.
कपाचं तोंड दिसेना.
दारातून बहीण आली, ती आधी हनुवटी, मग नाकपुड्या.
आणि खिडकीत आभाळ.
नुसतं आभाळ, आणि विजेची एक तार.
क्षितिजरेषा आखली तर ती पडली भिंतीवर,
खिडकीच्या कडेच्या सात बोटं खाली,
जिथे ओल आलीय तिथे.

पलंग आम्ही मुद्दाम खिडकीशी लावला होता,
त्यांना समुद्र दिसावा म्हणून.
आठ महिने ते ओल बघत होते
आणि आम्ही रोज सकाळी विचारत होतो,
आज किती जहाजं लागली?

वास्केसच्या अंगणातून विटा आणल्या.
बहिणीने आणि मी पलंग उचलला, त्यांच्यासकट,
एकेक पाय करत.
पायाखाली दोन विटा, म्हणजे आठ बोटं.
सात भिंतीत गेली.
उरला बोटभर समुद्र.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
आम्हाला वाटलं, झोप लागली.
मग म्हणाले, "पाणी चढलंय आज."

पुढच्या मंगळवारी मी दुसरं चित्र नेलं:
दारातून दिसणारी खोली, पलंग, खिडकी, ती रेघ.
मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोनदा पट्टी लावली.
"क्षितिज बरोबर आहे," म्हणाले,
"पण विटा काढायला विसरलास."

राहू देत, मी म्हणालो.
विटा नाही काढायच्या.